जीव धरला

"तोडूनच टाका ते," घराच्या नव्या मालकीणबाई म्हणाल्या. "तिथे गाडी लावायची आहे."

बेबीने खुरपं खाली ठेवलं. घरातली धाकटी म्हणून पडलेलं हे नाव पन्नाशी उलटली तरी सुटलं नव्हतं; ज्या घरांत ती बागकाम करायची तिथेही ती बेबीबाईच होती. कोपऱ्यातलं डाळिंब तिनेच लावलेलं, आधीच्या मालकांच्या वेळी. यंदा कुठे त्याला धड फळं धरली होती.

"मी नेऊ का, मुळासकट?"

"न्या की. पण लावाल कुठे?"

प्रश्न रास्त होता. बेबी तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत एकटी राहायची. जन्मभर दुसऱ्यांची अंगणं सजवली, पण स्वतःची म्हणावी अशी ओंजळभर माती नव्हती.

अंगण होतं ते दादाचं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. भांडण असं काही झालेलं नव्हतं. आई गेली आणि येणं-जाणं आटत गेलं, इतकंच. तिने नंबर लावला, कापला, पुन्हा लावला. वहिनीने उचलला.

"कोण, बेबी? अगं बाई! सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. वहिनी, तुमच्याकडे एका झाडापुरती जागा होईल का?"

मग वहिनीची हाक ऐकू आली, "अहो, बेबी येतेय! झाड घेऊन!"

पानं गळून गेल्यावर तिने झाडाभोवती चर खणला, फांद्या छाटल्या, मुळांचा गड्डा मातीसकट गोणपाटात बांधला आणि टेम्पोत मागे झाडाला धरून बसली. दादाने खड्डा आधीच खणून ठेवला होता, पण भलताच खोल.

"झाड लावायचंय रे दादा, विहीर नाही!"

दादा पोट धरून हसला. ते हसणं तिने किती वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग ती दर रविवारी जाऊ लागली. आळ्यात पाणी, वर पालापाचोळा आणि नंतर ओट्यावर चहा. दादा गुडघ्यांचं रडगाणं गायचा, वहिनी जेवल्याशिवाय सोडायची नाही. त्यांना सांगायच्या गोष्टी बेबी आठवडाभर साठवून ठेवी. झाड मात्र नुसत्या काड्यांचा खराटा झालं होतं, आणि तिचा जीव टांगणीला लागला होता.

एका रविवारी फाटकातूनच तिला दिसली, टोकाटोकाला फुटलेली लालसर पालवी. तिने वहिनीचा हात घट्ट धरला.

"जिंकलीस गं," दादा म्हणाला. "जीव धरला त्याने. आता पाणी मी घालीन. दोन-दोन बस बदलून कशाला खेपा घालतेस? रविवारचा आराम कर जरा."

त्याच्या बोलण्यात माया होती, म्हणून तर काही म्हणता येईना.

"हो, खरंच की," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी ती नेहमीसारखी उठली, वेणी घातली, इस्त्रीचे कपडे घातले आणि खिडकीशी खुर्ची ओढून बसली. दुपारी तिने फोन केला.

"दादा, पाणी बुंध्याशी साचू देऊ नकोस हं."

"नाही गं, आहे लक्षात."

"मुंग्या नाही ना लागल्या?"

"छे! मस्त आहे झाड. तू काळजी सोड."

आणखी काय विचारावं ते सुचेना. फोन ठेवून ती पुन्हा खुर्चीत बसली. इस्त्री मोडू नये म्हणून पाठ टेकवली नाही.