चौथी नळी

"नळी बारीक आहे, वहिनी. दादाची नळी कायम बारीकच असायची," उघड्या बॉनेटमध्ये डोकं घालून धाकटे म्हणाले.

साठी उलटली तरी सगळी गल्ली त्यांना धाकटेच म्हणायची. दादा जाऊन दोन महिने झाले होते. दोघांनी मिळून शर्यतीच्या गाड्यांचं गॅरेज काढलं होतं. भावाभावांची भांडणं जमिनीवरून होतात. यांचं झालं इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या जाडीवरून. नळी जाड तर इंजिन मोकळं, हा धाकट्यांचा हेका. दादा म्हणायचे, ज्याला त्याला त्याच्या मापाचंच हवं. शब्दाने शब्द वाढला, एका गॅरेजची दोन झाली आणि पुढे वर्षानुवर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

आज वहिनींनी दादांची गाडी टोचन करून आणली होती. इंजिन चार सिलिंडरचं, नळ्या तीनच.

"चौथी राहिली कशी?"

"हात थरथरायला लागले होते, भाऊजी. मी म्हटलं, कुणाकडून तरी करून घ्या. तर म्हणाले, राहू दे, धाकटा करेल."

धाकटे पान्ह्यांच्या खणात उगाच काहीतरी शोधत राहिले. मग म्हणाले, "करतो. पण चारही नळ्यांची जाडी सारखी लागते. या तिन्ही कापून जाड बसवाव्या लागतील."

"त्यांनी केलेल्या?"

"मला काय हौस आहे? हे बघा, गणितच दाखवतो."

त्यांनी खडू घेतला आणि फरशीवरच मांडलं. एका सिलिंडरचं आकारमान, गुणिले इंजिनाचे मिनिटाचे फेरे, भागिले धंद्यातला ठरलेला आकडा. येईल ते नळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ. उत्तर आलं जाड नळीचं. धाकट्यांचा चेहरा खुलला.

वहिनी वाकून बघत होत्या. "हे सात हजार फेरे कुठले?"

"इंजिन पूर्ण ताणलं की होतात तेवढे."

"पण ही कधी ताणलीच नाही त्यांनी. सपाट रस्त्याला नेलीच नाही. सगळं त्या डोंगराच्या वळणांवर. तिथे फेऱ्यांचा काटा साडेपाच हजारांच्या वर जायचा नाही. शेजारी बसून मी काटाच बघायचे. दरीकडे कोण बघणार!"

धाकट्यांनी तळव्याने सात पुसला, साडेपाच लिहिला आणि पुन्हा गणित केलं. मग दादांच्या नळीला माप लावलं. केसाचाही फरक नव्हता.

गणित दोघांचं एकच होतं. धाकट्यांनी विचारलं होतं, इंजिनात जोर किती? दादांनी विचारलं होतं, जोर लागणार कुठे? वळणातून बाहेर पडताना गाडीला जोर लागतो नेमका तो क्षण त्या माणसाने बोटभर रुंदीत बसवला होता. अख्खा डोंगर नळीत घातला होता पठ्ठ्याने! धाकट्यांनी दोरी घेऊन लांबी मोजली. तिन्ही नळ्या सारख्या. नळ्या जिथे एकत्र मिळतात तिथून जवळच्या सिलिंडरची नळीसुद्धा मुद्दाम वळसा देऊन लांब केलेली, कारण एकाचा धूर बाहेर पडताना मागच्याचा ओढून घेतो आणि त्यासाठी प्रत्येकाचा धूर आपापल्या वेळेलाच तिथे पोचावा लागतो. वेल्डिंगची शिवण इतकी सुबक की धाकट्यांना आपल्याच हातांची लाज वाटली.

"काय माणूस होता, वहिनी," ते म्हणाले. "आणि मी त्याच्याशी बोलत नव्हतो."

चौथी नळी त्यांनी दादांच्या मापाने केली. एकदा चुकली, फेकली, पुन्हा केली.

मग वहिनींना शेजारी बसवून ते डोंगर चढले. पहिल्या वळणातून बाहेर पडताना गाडीने अशी ओढ घेतली, की धाकट्यांच्या अंगावर काटा आला. वहिनी दरीकडे बघत होत्या.

माथ्यावर त्यांनी बॉनेट उघडलं. तापून चारही नळ्यांवर सारखीच निळी झाक चढली होती.

"यातली तुमची कुठली?" वहिनींनी विचारलं.

धाकट्यांनी दाखवायला बोट पुढे केलं आणि मागे घेतलं.

"सगळ्या त्याच्याच," ते म्हणाले.