सुईखालची चिंधी

एकोणिसाव्या मिनिटाला त्या गृहस्थांनी तोच खण चौथ्यांदा उघडला. आत तेच होतं: तीन बॉबिन, एक बोथट सुई आणि तेलाची चेपलेली कुपी. त्यांनी खण लावला, शेजारचा उघडला, तोही लावला. मग भिंतीवर ठोकून पाहिलं, स्टूल सरकवून त्याच्या खाली वाकून पाहिलं.

"अहो दादा, निघा आता," काचेच्या अलीकडे बसलेल्या गवंडीताई पुटपुटल्या. "पूल राहिलाय अजून."

पण ते त्यांना ऐकू जाणार नव्हतं, आणि जाऊही द्यायचं नव्हतं. व्हिडिओ गेम बाजारात जाण्याआधी बाहेरच्या अकरा माणसांना बोलावून खेळायला बसवायचं आणि ती कुठे अडतात, कुठे वैतागतात ते काचेमागून मुकाट बघायचं, असा त्या कंपनीचा शिरस्ता होता. गेम तसा साधाच. सगळं गाव निघून गेलंय, मागे राहिलेल्या एकट्याने अंधार पडायच्या आत नदीवरचा पूल गाठायचा. वाटेत चौदा दुकानांची एक बाजारपेठ. तेरा दुकानांतून लोक मिनिटभरात बाहेर पडत. चौदाव्यात, शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात, अकरापैकी नऊ जण अडकून बसले होते.

शेवटी गृहस्थांनी हातातलं खेळायचं यंत्र ठेवलं, कानांवरचे हेडफोन काढले आणि तरातरा बाहेर आले.

"त्या मशीनवाल्याकडे काय लपवलंय ते सांगा. त्याशिवाय मी घरी जात नाही."

"काहीच नाही हो," ताई म्हणाल्या.

"मग एवढे खण कशाला केलेत?"

खरं सांगायचं तर ताईंना आतून बरंच वाटत होतं. आपण केलेल्या जागेत माणूस इतका वेळ थांबतो म्हणजे काय! पण तोंडावर तसं दाखवायची ती वेळ नव्हती.

गवंडीताई हे नाव ऑफिसातल्या पोरांनी ठेवलेलं. गेममधली माणसं दुसरे कोणी बनवत, मारामाऱ्या तिसरेच कोणी. ताईंकडे घरं, रस्ते, जिने आणि कोपरे. आधी करड्या ठोकळ्यांची घरं रचायची, त्यांतून स्वतः चालून बघायचं, कुठे डोकं आपटतं, कुठे वाट चुकते ते पाहायचं आणि मगच भिंतींना रंग, दारांना कड्या चढवायच्या. त्याआधी अठरा वर्षं त्या एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढायच्या. तिथली निम्मी घरं कागदावरच राहिली. इथली निदान लोक चालून तरी बघतात, असं त्या म्हणत, आणि त्यांचं समाधान होतंही खरोखरचं. पन्नाशी उलटल्यावर रोज सकाळी एखादं दार नव्याने लावायला मिळतं, अजून काय पाहिजे?

दुपारी बैठक झाली. त्यांच्या वरच्या साहेबांना सगळे पाठीमागे कात्री म्हणत, कारण त्यांचं काम म्हणजे गेममधला फाफटपसारा कापणं. माणूस वाईट नव्हता. कापताना त्याला स्वतःलाच त्रास व्हायचा, पण हात थांबायचा नाही.

"ताई, दुकान सुरेख झालंय. तिथेच तर घोळ झालाय," कात्री म्हणाले. "खेळणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, की उगाच कोणी बासष्ट खण करत नाही, आणि केले तरी ते उघडतील असे तर मुळीच करत नाही. जिथे हात जास्त फिरलाय तिथे काहीतरी दडलंय, असं तो धरून चालतो. मग सापडलं नाही की चिडतो."

"मग काय करू?"

"आत काहीतरी ठेवा. किल्ली ठेवा, बंदूक ठेवा."

"माझ्या बाबांच्या दुकानात बंदूक?"

तोंडातून निघून गेलं. दुकान बाबांचं आहे हे ताईंनी आजवर ऑफिसात कोणाला सांगितलं नव्हतं. कात्री हातातल्या पेनाशी चाळा करत बसले. मग हळूच म्हणाले, "शुक्रवारी दुसरी चाचणी आहे. तोवर काय करायचं ते करा. दुकानातल्या वेळाची सरासरी पाच मिनिटांच्या आत आली, तर दुकान राहील. नाही आली, तर शटर ओढायचं. मलाही ते आवडणार नाही."

गेममध्ये ओढलेलं शटर म्हणजे नुसतं एक सपाट चित्र. मागे दुकान नाही, काही नाही. आणि खरं शटर तर बाबांनी तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने ओढलं होतं. तेच आता पुन्हा ताईंना आपल्या हातून ओढायचं होतं.

घरी बाबा वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. हात थरथरत असल्यामुळे एकेका टॉवेलशी त्यांची झटापट चाले, पण ते काम त्यांनी कोणाला हात लावू दिलं नव्हतं. ताईंनी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवून दुकान दाखवलं. पहिल्यांदाच. बाबांनी चष्मा वर-खाली केला, मान तिरकी केली आणि बराच वेळ पाहून म्हणाले,

"मशीन डावखुरं आहे."

"म्हणजे?"

"चाक डावीकडे आलंय. असलं मशीन जगात कुठे असतं? एवढ्या वर्षांत बापाच्या दुकानात काय बघत होतीस?"

ताईंनी जीभ चावली. कोपऱ्यात मशीन बसेना, म्हणून त्यांनी ते आरशातल्यासारखं उलटं करून टाकलं होतं. त्यांच्या धंद्यात हे सर्रास चालतं. झाडं, खुर्च्या, आख्ख्या इमारती उलट्या करतात आणि कोणाच्या बापाला कळत नाही. ताईंच्या बाबांना मात्र कळलं.

"सुलटं करते. पण बाबा, दुकानच जाणार आहे बहुतेक." त्यांनी सगळं सांगितलं. बासष्ट खण, नऊ चिडलेली माणसं, बंदूक.

"चिडणारच की," बाबा म्हणाले. "माणूस दुकानात आला, एवढा वेळ बसला, आणि दुकानदाराने त्याच्या हातात काही दिलंच नाही. मीसुद्धा चिडलो असतो. बंदूक कशाला हवी? चिंधी दे."

ताईंना एकदम आठवलं. बाबांच्या दुकानातून दुरुस्त झालेलं मशीन सुईखाली चिंधी असल्याशिवाय कधी बाहेर पडलं नाही. वीतभर कापड आणि त्यावर मधोमध एक सरळ टीप. गिऱ्हाईक आलं की मशीनकडे बघायच्या आधी चिंधी बघायचं आणि मान डोलवायचं. तीन वर्षांपूर्वी एका बाईंचं मशीन बाबांनी दुरुस्त केलं आणि चिंधीवरची टीप वाकडी गेली. दुसरी चिंधी घेतली, तीही वाकडी. तिसरीही. "मशीन ठीक आहे बाई, हात ठीक नाहीये," असं सांगून त्यांनी ते मशीन स्वतः रिक्षात घालून दुसऱ्या कारागिराकडे पोचवलं आणि परत येऊन शटर ओढलं. त्यानंतर त्यांनी कुठल्या मशीनच्या चाकाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ताई सकाळीच बाहुलीवालीच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. गेममधल्या वस्तू हलवणं-फिरवणं हे त्या मुलीचं काम, म्हणून हे नाव. सुलटं केलेलं मशीन, स्टुलावर बसल्यावर फिरणारं चाक, पुढे सरकणारं कापड, एवढं तिने तीन दिवसांत करून दिलं. मग नखं खात म्हणाली, "ताई, कोणीही फिरवलं तरी टीप सरळच येणार, मग त्यात काय राम? यंत्रावरचा खेळणाऱ्याचा अंगठा हलला की टीपही हलू दे ना."

"जमेल तुला?"

"जमलंय. आधीच करून ठेवलंय."

ताईंनी बसून पाहिलं. पहिली टीप गांडुळासारखी आली. दोघी पोट धरून हसल्या.

शुक्रवारी दहा माणसं आली आणि चाचणी नीट सुरू झाली. लोक दुकानात शिरत, दोन-चार खण उघडत, मग स्टुलावर बसून चाक फिरवत. वाकडीतिकडी टीप मारून चिंधी पिशवीत टाकत आणि खुशीत पुढे जात. तीन मिनिटं, चार मिनिटं, पाच मिनिटं. एका बाईंनी तर चिंधीला जागा करायला पिशवीतली विजेरी फेकून दिली. ताईंना वाटलं, जिंकलो.

अकरावा माणूस आलाच नाही.

"अकरा म्हणजे अकरा हवेत," कात्री म्हणाले. "हा गेम कधीच न खेळलेलं कोणी आहे का इथे?"

नेमके त्याच वेळी बाबा दारात उभे होते. ताईंचा घरी विसरलेला चष्मा घेऊन आले होते.

"आजोबा, बसता का खेळायला?"

"बसतो की. मला कुठे जायचंय?"

अंगठा हलला की टीप हलते. ऑफिसातल्या सगळ्यांसमोर, काचेपलीकडे, बाबांना पुन्हा ती वाकडी टीप बघावी लागणार. बाबा आत जाऊन बसेपर्यंत त्यांनी कोणाचं लक्ष नाही असं पाहून समोरच्या संगणकावर एका चौकटीत खूण केली. आता हात कितीही हलला तरी टीप सरळ येणार होती.

बाबांना चालायला शिकायलाच दहा मिनिटं लागली. ते भिंतींवर आदळले, एका खांबाला माफ करा म्हणाले. पण चौदाव्या दुकानापाशी आल्यावर थबकले, आत शिरले आणि एकही खण न उघडता थेट मशीनपाशी जाऊन बसले. खणांत काय आहे ते त्यांना माहीत होतं. चाक फिरू लागलं. हातातलं खेळायचं यंत्र थरथरत होतं आणि पडद्यावर टीप सरळ पुढे जात होती.

बाबा थांबले. काचेकडे वळले.

"अगं, हे मशीन लबाड आहे," ते मोठ्याने म्हणाले. "माझा हात केवढा हलतोय आणि टीप बघ, फुटपट्टीने आखल्यासारखी. ही माझी नाही."

ताईंचं तोंड गोरंमोरं झालं. त्यांनी कात्रींकडे पाहिलं. कात्री हातातला कागद डोळ्यांसमोर धरून काहीतरी फार महत्त्वाचं वाचत होते. ताईंनी खूण काढून टाकली आणि शिरस्ता मोडून काचेवर टकटक केली.

"बाबा, आता मारा."

टीप वेडीवाकडी धावली आणि चिंधीच्या कडेवरून खाली गेली.

"हं, आता बरोबर," बाबा म्हणाले. त्यांनी ती चिंधी टाकली आणि दुसरी घेतली. मग तिसरी. चौथ्या खेपेला त्यांनी दोन्ही कोपरं खऱ्या टेबलाच्या कडेला टेकवली. सातव्याला चाकाचा वेग कमी केला. बाहुलीवालीने ताईंचा हात घट्ट धरला होता. अकराव्या चिंधीला बाबांनी एकेक टाका मोजून घातला, मध्ये एकदा थांबून श्वास घेतला आणि पुन्हा चाक फिरवलं. टीप मधोमध थोडी कलली, पण सावरली आणि जिथे संपायला हवी तिथेच संपली.

बाबांनी ती पाहिली आणि मान डोलवली.

"ही गिऱ्हाइकाला देता येईल," ते म्हणाले आणि हातातलं यंत्र खाली ठेवलं. पुलापर्यंत ते गेलेच नाहीत.

बाबांची त्या एका दुकानातच एक्केचाळीस मिनिटं. ताईंनी मनातल्या मनात हिशोब केला. बाकी दहा जणांची सरासरी चार होती. ही एक्केचाळीस मिळवली की सात आणि वर. त्या कात्रींच्या पेनाकडे बघत राहिल्या. कात्रींनी अकराव्या ओळीवर आडवी रेघ मारली.

"दुकानदाराचा वेळ धरत नाहीत," ते म्हणाले आणि कागदाची घडी घालून उठले.

बाबा बाहेर आले. चष्मा ताईंच्या हातात देत त्यांनी विचारलं, "राहिलं का गं दुकान?"

"राहिलं."

"मग झालं तर. संध्याकाळी लवकर ये," असं म्हणून ते जिना उतरू लागले, कठड्याला धरून, एकेक पायरी.

दर चाचणीनंतर जागा होती तशी करून ठेवायची, हेही तिथलं ठरलेलं काम. ताई दुकानात शिरल्या. उघडे राहिलेले खण त्यांनी एकेक करून लावले, स्टूल जागेवर सरकवलं, जमिनीवर टाकलेल्या दहा चिंध्या पुसून टाकल्या. अकरावी मात्र सुईखालीच राहू दिली.