भट्टीमास्तरांची भेंडी

कौलांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं भट्टी सांभाळली, म्हणून बाहेर त्यांना सगळे मास्तर म्हणत. घरात मात्र त्यांना कुणी चहासुद्धा करू देत नसे. बायकोचा हात प्लास्टरमध्ये अडकला आणि नेमकी त्याच आठवड्यात एका दुपारी चार वाजता मेव्हणी यायची ठरली, तेव्हा त्या दिवशी मास्तरांनी जाहीर केलं, "आज मी करणार. ओव्हनमधली कुरकुरीत भेंडी."

ही मेव्हणी म्हणजे दर भेटीत "भाऊजींना पाणी तरी उकळता येतं का?" असं विचारून खो खो हसणारी. तेव्हा प्रश्न भेंडीचा नव्हताच, अब्रूचा होता.

मास्तरांनी भेंडी धुऊन एकेक पुसली, उभी चिरली, तेल-मीठ-तिखट चोळलं आणि ट्रेमध्ये अशी मांडली की एकीचा धक्का दुसरीला लागू नये. ओलं भट्टीत घालायचं नाही, दाटी करायची नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. वीस मिनिटांनी ओव्हन बंद केला आणि खुर्ची ओढून स्वस्थ बसले. तापल्या भट्टीचं दार उघडलं की कौलांना तडे जातात, ती आतच निवू द्यावी लागतात.

अर्ध्या तासाने पाहिलं, तर भेंडी ओल्या फडक्यासारखी लुळी पडलेली. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं.

तीन वाजून गेले होते. उरलेली कच्ची भेंडी त्यांनी पुन्हा तशीच चिरून, मांडून आत घातली आणि काचेसमोर उकिडवे बसले. थोड्या वेळाने काच आतून घामेजली. वाफ कोंडतेय हे कळत होतं, पण ओव्हनच्या मुठीवर ठेवलेला हात काही दार ओढेना.

"अहो, भेंडी आहे ती," बायको मागून म्हणाली. "तिला तडा जात नाही."

मास्तरांनी दार उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा, भट्टी तापलेली असताना. वाफेचा लोट चष्म्यावर आला. भेंडी उलटून त्यांनी ट्रे परत आत सारला आणि कडा तांबूस होताच गरमागरम बाहेर काढला.

मेव्हणीने एक तुकडा तोंडात टाकला. कुर्रकन आवाज झाला. मग दुसरा, मग मूठभर. "ताई, एका हाताने केलंस हे? धन्य आहेस बाई!"

मास्तर चष्मा पुसू लागले. स्वतःची टिमकी वाजवणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"मी कशाला?" बायको म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात ती 'अहो'च्या पुढे कधी गेली नव्हती. "आमच्या मास्तरांनी केलीय."

मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते चहाचं आधण ठेवायला उठले, आणि कुणीही त्यांना अडवलं नाही.