राहून नाही राहिले

"तुम्ही मामा ना? या, बसा," भैरवी मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी समोरच्या बाकाकडे हात केला.

कवडू 'नाही' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "बरं झालं कुणीतरी आलात. वडील गेल्यापासून मयुराकडचं, आई सोडली तर कुणी शाळेत आलेलंच नाही."

कवडू बसता बसता अर्ध्यातच थांबला. मग त्याने विचार केला. गेल्यापासून म्हणजे कळमेश्वरला गेल्यापासून, ते तर खरंच होतं. तिथल्या कारखान्यात तो लागला त्याला दोन पावसाळे झाले होते. मामा कुठून आला ते काही कळलं नाही, पण तो निर्धास्त होऊन चौथीच्या बाकावर गुडघे मुडपून बसला. पोरगी चौथीत आहे हेही त्याला, आज सुट्टी काढून शाळेत जा असं काल बायकोने फोनवर सांगितलं, तेव्हा पक्कं कळलं होतं. त्याच्या हिशेबात ती अजून तिसरीतच होती.

"काय झालं होतं हो त्यांना?" मॅडमनी आवाज खाली आणून विचारलं. "मुलीला मी कधी विचारलं नाही. हार्टचं होतं का?"

आता मात्र त्या 'गेल्यापासून'चा अर्थ कवडूला कळला. शनिवारची सकाळची शाळा नुकतीच सुटली होती आणि वर्गाच्या दारापाशी पालकांची रांग लागली होती. रांगेच्या कडेला मयुरा उभी होती. तिने बापाकडे बघत मान अगदी जराशी हलवली. नको, म्हणत होती ती.

कवडूच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून हा जन्मल्याबरोबर शेजारणीला एका कवडीत विकून टाकला होता, म्हणजे यमाला वाटावं, या घरी पोर नाहीच. नावही त्यावरूनच पडलं. एवढा बंदोबस्त करून वाचवलेला माणूस नागपूरला लागून असलेल्या वाडीच्या एका शाळेत परस्पर मेला होता, आणि त्याला कुणी साधं कळवलंही नव्हतं.

मी जिवंत आहे, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं, की सगळ्या रांगेसमोर पोरगी खोटारडी ठरत होती.

"हाव," तो म्हणाला. "हार्टचंच."

"आणि तुम्ही सख्खे मामा?"

"सख्खा."

भैरवी मॅडम पुण्याच्या. नवरा मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला लागला म्हणून गेल्या वर्षी नागपुरात आल्या आणि आल्या आल्या त्यांना मयुराचा वर्ग मिळाला. बाई मनाने फार चांगली, त्यामुळे कवडूची आणखीच पंचाईत झाली. त्या त्याच्या बायकोचं, रत्नमालेचं, तोंड भरून कौतुक करू लागल्या.

"तुमच्या ताई फार धीराच्या आहेत. गळ्यातलं मंगळसूत्र काढलं नाही त्यांनी, कुंकूही लावतात. मला तर फार आवडलं ते. लोक काय म्हणतील याची पर्वाच नाही. मागच्या पालकसभेला मी विचारलं, एकटीला सगळं जड जात असेल ना? तर म्हणाल्या, सवय झाली मॅडम."

कवडूने रुमाल काढून मान पुसली. म्हणजे रत्नमालाही? घरातल्या दोघींनी मिळून त्याचं उरकून टाकलं होतं?

"एक सांगू का?" मॅडम म्हणाल्या. "अभ्यासात पोरगी छान आहे. पण शनिवारी शाळा लवकर सुटते आणि ताईंना गोडाऊनमधून यायला दुपार होते. तोवर ती माझ्याजवळ थांबते. आम्ही दोघी डबा खातो. पण खाताना तिचं लक्ष सारखं गेटकडे असतं. तुम्हाला जमलं तर एखाद्या शनिवारी येत जा. वडिलांची जागा कुणी घेऊ शकत नाही, मला कळतं. पण आपलं कुणीतरी गेटवर उभं आहे, एवढंही मुलांना पुरतं."

"येईन," कवडू म्हणाला. बाप म्हणून त्याला आजवर कुणी एवढं सांगितलं नव्हतं.

दोघं गेटबाहेर आली. अमरावती रोडवर ट्रकांची रांग लागली होती. मयुरा बापाच्या मागे चार पावलं ठेवून चालत होती. रसवंतीच्या बंद गाड्यापाशी कवडू थांबला. त्याला रागावायचं होतं, पण आवाज निघाला तो भलताच.

"मी मेलो असं सांगतलं वं तू?"

"नाही."

"मंग मॅडमले सपन पडलं का?"

मयुराने पायाने माती उकरली. "मॅडम नवीन आल्या होत्या तवा. सगळ्याईले इचारत होत्या, बाबा काय करते. मी म्हटलं, बाबा आता आमच्याजवळ राहून नाही राहिले."

"बरोबर आहे मंग."

"तं मॅडमच्या डोळ्यात पाणीच आलं. मले जवळ घेतलं त्याईनं. मले काही समजलंच नाही."

कवडूला मात्र आता समजलं. राहून नाही राहिले म्हणजे राहत नाहीत, पण पुण्याच्या बाईने शेवटचे दोनच शब्द ऐकले होते. नाही राहिले. नागपुरात असं रोज कुणी ना कुणी जेवून नाही राहिलं, ऐकून नाही राहिलं, म्हणून काय त्यांचं तेरावं घालायचं? त्याला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.

"मंग मांगून, नंतर तरी, काहून नाही सांगतलं?"

"मंग एक दिवस सगळ्याईले बाबांवर बोलाले लावलं. मॅडम मले म्हणे, तू नाही बोललीस तरी चालेल, बस तू. तवा मले समजलं. मी बसली." तिने दप्तर खांद्यावर नीट केलं. "मले वाटलं, एक दिवस तुम्ही याल तं मॅडमले आपोआपच दिसन. पण तुम्ही कधी आलेच नाही."

एवढं बोलून ती पुढे चालू लागली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि कवडूला तेच सोसलं नाही. दीड वर्ष तो या शाळेत मेलेला होता आणि दीड वर्षात तसं वाटू नये असं त्याच्याकडून काहीच घडलं नव्हतं.

दुपारी रत्नमाला घरी आली. गोडाऊनमध्ये दिवसभर पार्सलांना चिकटपट्ट्या लावून तिच्या बोटांची सालं निघालेली असत. कवडूने सगळं सांगितलं तेव्हा ती पदर तोंडात कोंबून हसली.

"सख्खा मामा? म्हणजे माझे भाऊ झाले तुम्ही?"

"हसून काय राहिली? सवय झाली असं तू म्हणाली का नाही तिले?"

"म्हणाली."

"मी मेलो असं समजून इचारलं तिनं."

"मले काय मालूम?" रत्नमालेचं हसू मावळलं. तिने उठून चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोरीच म्हणाली, "पण तिनं कसंही इचारलं असतं तरी मी तेच सांगतलं असतं."

वाडीहून कळमेश्वर काही परमुलखात नाही. मोटारसायकलवर टांग टाकली की माणूस तासाच्या आत घरी. आधी रात्रपाळी होती म्हणून कवडूने तिथे खोली घेतली. रात्रपाळी संपली तरी खोली राहिली. खोलीत सोबतीला मनोहरराव होते, मोबाइलवर मॅच होती, आणि नळाला पाणी आलं का, गॅस संपला का, पोरीची फी भरली का, असं विचारणारं कुणी नव्हतं. शनिवारी रात्री घरी यायचं, रविवार झोपून काढायचा आणि सोमवारी पहाटे निघायचं. शाळेला नेमकी रविवारी सुट्टी. दिसणार कुणाला आणि कसा?

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. पण सोमवारी तो नेहमीसारखाच निघून गेला आणि रत्नमालेनेही काही विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी शाळा सुटली तेव्हा भैरवी मॅडम गेटवर उभ्या राहून मुलं ज्याच्या त्याच्या ताब्यात देत होत्या. समोर मोटारसायकल उभी होती. तिच्या मागच्या सीटवर गादीची वळकटी दोरीने करकचून बांधली होती आणि हँडलला बादली लटकत होती. बादलीत कढई, तवा आणि आरसा. शेजारी कवडू.

"मयुरा, मामा आले गं तुझे," मॅडम कौतुकाने म्हणाल्या.

मयुरा गेटपर्यंत आली. वळकटी बघून थबकली.

"हे काय होय?"

"खोली सोडली," कवडू म्हणाला.

वळकटीला हात लावून तिने ती खरोखर गादीच आहे का ते बघितलं. मग मॅडमकडे वळली.

"मॅडम, हे मामा नाही. बाबा आहेत माझे."

मॅडमचं हसू चेहऱ्यावर होतं तिथेच राहिलं. त्यांनी कवडूकडे बघितलं. डोक्यापासून बघत बघत त्यांची नजर त्याच्या पायांवर गेली आणि पाय सरळ आहेत ना याची खात्री करावी तशी तिथेच थांबली.

"पण तूच मला म्हणाली होतीस..."

"मी म्हटलं होतं, राहून नाही राहिले." मयुराने एकेक शब्द सुटा करून सांगितला. "आता राहून राहिले."

मॅडमनी ते शब्द ओठातल्या ओठात पुन्हा म्हणून पाहिले. गेटची सळई त्यांनी घट्ट धरली. "अगं आई गं," त्या अगदी हळू म्हणाल्या. मग, "आणि ते हार्टचं?"

"ते मी घाबरून म्हटलं मॅडम," कवडू खाली बघत म्हणाला. "माफी करा."

त्यांना हसावं, रडावं की रागवावं ते कळत नव्हतं. त्यांच्या दुसऱ्या हातात डबा होता, शनिवारचा, दोघींचा. मयुराला मोटारसायकलच्या टाकीवर बसवायला कवडूने उचललं तेव्हा त्याला तो दिसला. मयुराही त्या डब्याकडेच बघत होती.

त्याने पोरीला खाली ठेवलं.

"मॅडम, तुमचं जेवण व्हायचं असन. हिलेही घेऊन जा. होऊ द्या आरामात. मी हाव इथं."

दोघी व्हरांड्यात जाऊन बसल्या. डबा उघडला. मॅडमनी पोळीचा अर्धा भाग मयुराच्या हातावर ठेवला. कवडू उन्हात, बादलीशेजारी उभा होता.

खाता खाता मयुराने एकदा गेटकडे बघितलं. मग पुन्हा बघितलं नाही.