विझताना कोणी न पाहिलेला कंदील

माळ्यावर ती अर्धी आत, अर्धी बाहेर अशी शिडीवर लोंबकळत होती. आईला ते मोठं पातेलं आजच हवं होतं, कारण आईला कुठलीही गोष्ट हवी असली की आजच हवी असते. ट्रंकेवर कंदील ठेवला होता. कारखान्यासाठी तिने स्वतः बनवलेला, मुठीत मावणारा, चार्जिंगचा. तंबूत टांगा नाहीतर जिन्यात धरा. लखलखीत उजेड होता आणि पुढच्या क्षणी डोळ्यांपुढे काही म्हणजे काही नाही.

"आई गं!"

"काय पाडलंस?" खालून आवाज आला. आईला आधी भांड्यांची काळजी.

पडलं काहीच नव्हतं, फक्त कंदील विझला होता. आधी मंद होणं नाही, लुकलुकणं नाही. ती पायाने एकेक पायरी चाचपडत खाली उतरली आणि शिडीलाच टेकून उभी राहिली. नमुने दोनच होते. एक हा. दुसरा बाबा कालच घेऊन गेले होते, निवृत्त मंडळींबरोबर, डोंगरावर तंबूत राहायला.

आता जरा कारखान्यातली गंमत ऐका. तिथे कंदील तपासायचा म्हणजे संध्याकाळी तो मीटरला जोडायचा, काळ्या पेटीत बंद करायचा आणि सगळ्यांनी घरी जायचं. सकाळी पडद्यावर उजेडाची रेघ बघायची. रेघ सपाट चालत जाई आणि शेवटी धाडकन खाली. त्या सपाट रेघेवर साहेबांचा भारी जीव. "पहिल्या मिनिटाला जेवढा, शेवटच्या मिनिटाला तेवढाच उजेड! बाकीच्यांचे कंदील अर्ध्यातच रडायला लागतात." सर्किट करणाऱ्याने बॅटरी संपत आल्याचा एक लाल ठिपका सुचवला होता. त्याला जागा लागत होती आणि हिला तर कंदील आणखी लहान करायचा ध्यास. तिनेच तो ठिपका उडवला, वर शाबासकीही घेतली. एवढी हुशार माणसं, पण आपला कंदील विझताना एकानेही पाहिला नव्हता. हसावं की रडावं, तुम्हीच ठरवा.

आणि सोमवारी कंदिलाच्या कवचाचा साचा करायला जाणार होता. एकदा पोलाद कापलं की मग ठिपक्याला कोण विचारतो?

तिने बाबांना फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. मग गॅलरीत गेली, आत आली, पंखा लावला, बंद केला.

"बाईसाहेब, फरशी झिजेल," आई म्हणाली. "फोन लागत नाही म्हणजे डोंगरावर आहेत. डोंगरावरच गेलेत ना?"

"आई, तो कंदील एकदम विझतो गं."

"कंदील विझतोच. त्यात काय नवल?"

कसं समजावणार? बाबांचा गुडघा तिला आठवत होता, रात्री दोनदा उठायची त्यांची सवय आठवत होती आणि जाताना त्यांनी कंदील छातीशी धरून दाखवला होता, तेही आठवत होतं.  झोपेच्या नावाने शंख होता. साहेबांना आत्ताच सांगावं, तर या एका नमुन्यातच खोट नसेल कशावरून? आणि न सांगावं, तर? तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

रविवारी दुपारी बाबा आले. बूट न काढताच सुरू.

"एक नंबर कंदील! सगळे मागतायत. मी म्हटलं, माझ्या लेकीने केलाय, बाजारात येऊ द्या!"

"बाबा, विझला कसा?"

"विझतोय कशाला?" असं म्हणत त्यांनी पाण्याचा पेला डाव्या हाताने उचलला.

"उजव्याला काय झालं?" आईने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बाही वर केली. तळव्यापासून कोपरापर्यंत सालटं निघालं होतं.

"काही नाही गं, खडकाला जरा टेकलो."

"बाबा, उद्या साचा जातोय," ती म्हणाली. "खरं सांगा."

बाबांनी पेला खाली ठेवला.

"तंबूकडे परत येत होतो. कडेकडेची पायवाट, एका बाजूला उतार. कंदील होता तोवर काय ऐटीत चालत होतो! आणि एकदम गेला. पाय उचललेला होता. झुडूप हाताला लागलं म्हणून बरं."

"आणि हे मला सांगणार नव्हता?"

"सगळ्यांना सांगून बसलो होतो ना, लेकीने केलाय म्हणून." "दुसरा कुठला कंदील असता तर उजेड उतरायला लागल्यावर मी वाटेतच बसलो असतो. हा उतरेचना. मला वाटलं, अजून भरपूर आहे."

तिला रडू आलं. तोंड न धुताच तिने साहेबांना फोन लावला. सुरक्षितता, ग्राहकांच्या तक्रारी, नाव खराब होणं, असे चार बरे मुद्दे तिने रात्रभर जुळवून ठेवले होते.

"आज सुट्टी आहे," साहेब म्हणाले. "एवढं काय पेटलंय?"

"माझं नाव मध्ये घालू नकोस हं," बाबा मागून कुजबुजले. "पडलो वगैरे नको. टेकलो म्हण."

जुळवलेलं सगळं ती विसरली.

"साहेब, साचा थांबवा. माझे वडील पडलेत. आपला कंदील हातात होता, म्हणून पडलेत."