व्यवसायाचा रकाना

आमच्या कॅन्सर विभागात पेशंटची माहिती मी भरते. वय, गाव, व्यवसाय, व्यसन, त्रास कधीपासून. सतरा वर्षं हेच चाललंय, आणि सतरा वर्षं माझं नवऱ्यांशी भांडण आहे. बायकोचा व्यवसाय विचारला की ठणकावून सांगतात, "काही नाही." काही नाही म्हणे! डोंबल! मग मी पेन खाली ठेवते आणि बाईलाच विचारते.

मागच्या आठवड्यात एक जोडपं आलं. बाई पंचावन्नची, छातीत गाठ.

"व्यवसाय?"

"काही नाही," नवरा म्हणाला.

"तुम्ही जरा गप्प बसा हो भाऊ. ताई, तुम्ही सांगा."

"चार गायी आहेत. धारा काढते, दूध डेअरीला घालते."

मी ठळक अक्षरात 'गोपालन' लिहिलं. "त्रास कधीपासून?"

"आठ दिवस."

आमच्याकडे सगळ्यांना आठच दिवस झालेले असतात. "गाठ पहिल्यांदा हाताला लागली, तेव्हा गोठ्यात काय चाललं होतं?"

"धाकटी गाभण राहिली होती." तिने बोटं मोजली आणि जीभ चावली. "अगंबाई, साडेआठ महिने झाले की!"

तपासण्या झाल्या. नशीब थोर, गाठ पसरली नव्हती. डॉक्टरांनी दोन दिवसांनी ऑपरेशन ठरवलं. बाई मात्र पिशवी उचलून उभी राहिली. "धाकटी व्यायला झालीये. माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही ती. तेवढं आटोपलं की येते."

'येते' म्हणून गेलेल्या मी पुष्कळ पाहिल्यात. वर्षाने उगवतात, आणि तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. नवरा समजावून थकला, मी आवाज चढवला. बाई ढिम्म.

मग मी जुनं रजिस्टर ओढलं आणि व्यवसायाच्या रकान्यावरून बोट फिरवत गेले. तीन वर्षांमागे सापडली एक. हिच्या शेजारच्याच गावची, गोपालन, हाच आजार. घरी जाताना तीच बजावून गेली होती, कुणी घाबरलं तर मला खुशाल फोन लावा. लावला, स्पीकरवर, आणि गायीची अडचण सांगितली.

"गाय ना? मी जाऊन बसते गोठ्यात," पलीकडून खणखणीत आवाज आला. "लाथ मारली तर मारू दे, मला सवय आहे. तू मुकाट्याने ऑपरेशन करून घे!"

बाई माझ्याकडे बघत राहिली. "यांना हेच झालं होतं?"

"हेच."

"आणि अजून आहेत?"

"आहेत म्हणजे काय! ऐकताय ना, कशी ओरडतेय ती."

"आमच्या गावात ज्यांना झालं त्या सगळ्या गेल्या," ती हळूच म्हणाली. "म्हटलं, निदान वासराचं तोंड तरी बघून जावं."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. इतका वेळ मी हिला हट्टी समजत होते, आणि हिने बरी झालेली एकही बाई पाहिली नव्हती. नवऱ्याने तोंड फिरवून नाक ओढलं.

बाईने फोन जवळ घेतला. "ताई, केस परत येतात का हो?"

"येतात की! आधी चार होते, आता वेणी घालते."

बाई खो खो हसत सुटली. पिशवी नवऱ्याच्या हातात कोंबून म्हणाली, "तुम्ही निघा घरी. गोठा झाडून ठेवा, पाहुण्या यायच्यात."