सहावा सापळा

आमच्या बेटावर माणूस गेला तरी त्याचा रंग जात नाही. शेवंडं पकडायचे सापळे समुद्राच्या तळाशी असतात आणि वर पाण्यावर त्यांचे बोये तरंगतात, प्रत्येक घराण्याचा रंग ठरलेला. माझ्या बापाचे बोये नारिंगी, त्यावर दोन पांढरे पट्टे. मी एकुलती एक. बोट माझ्याकडे आली, रंगही माझ्याकडेच यायचा होता.

बाप गेला त्या हिवाळ्यात मी आईच्या आजारपणात तीन महिने बँगोरच्या इस्पितळात अडकले. परत आले, शेडचं दार उघडलं, तर सगळे बोये हिरवेगार. माझ्या नवऱ्याने, एल्डनने, एकूण एक बोया खरवडून स्वतःच्या रंगात रंगवला होता. वर मला म्हणतो कसा, "एका बोटीवर दोन रंग कशाला? विचारायचं माझ्या लक्षातच आलं नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, ज्याने पुसला त्यानेच परत लावावा, मी ब्रशला हात लावणार नाही. त्याने लावला नाही, मी लावला नाही. आमच्याकडे दोन हंगाम न वापरलेला रंग मागेल त्याला मिळतो. तो माझ्या चुलतभावाने, रोस्कोने मागून घेतला. तेव्हापासून रोज सकाळी बंदरातून निघताना माझ्या बापाचा रंग मला रोस्कोच्या नावाने तरंगताना दिसतो. याला नऊ वर्षं झाली. बोटीवर आम्ही दोघंच. मी चाक धरते, एल्डन मागे सापळे सोडतो. कामापुरतं बोलायचं, बाकी मी तोंड शिवलेलं.

ऑक्टोबरातली गोष्ट. ऊन छान पडलं होतं. एका लांब दोराला दहा सापळे बांधलेले असतात. बोट चालत राहते, पहिला सापळा ढकलला की बाकीचे त्याच्या ओढीने आपोआप पाण्यात जातात. मागच्या माणसाने फक्त दोरात पाय अडकू द्यायचा नाही. एल्डनने चाळीस वर्षांत कधी अडकू दिला नव्हता.

"वर्ना," अशी माझ्या नावाने हाक आली. मोठ्याने नाही, जेवायला बोलावतात तशी. मी वळून पाहिलं. दोराचा फास त्याच्या बुटावर आवळला होता आणि तो दोन्ही हातांनी मागचा काठ धरून आडवा झाला होता. मला फक्त इंजिन न्यूट्रलला घालायचं होतं. गिअरचा दांडा माझ्या मुठीत होता.

हात हलला नाही.

आता घाबरून गोठले होते म्हणावं तर ते खोटं होईल. मी घाबरले नव्हते. मी त्याच्याकडे बघत होते. पाचवा सापळा गेला. सहावा त्याच्या खांद्याला घासून गेला. मग त्याची बोटं सुटली, तो पाण्याखाली गेला आणि तेव्हा कुठे माझ्या हाताने दांडा ओढला.

आमची माणसं बूट मापापेक्षा मोठे घालतात, ते अशासाठीच. बूट दोराबरोबर तळाला गेला आणि एल्डन वर आला. मी बोटीवरच्या लांब आकड्याने त्याचा डगला पकडला, कसंबसं त्याला आत ओढलं, इंजिनाशेजारी बसवलं. त्याचे दात वाजत होते.

धक्क्यावर तो सगळ्यांना सांगत सुटला, "बायकोने ओढून काढलं, नाहीतर आज शेवंडांनीच मला खाल्लं असतं." लोकांनी माझी पाठ थोपटली. रोस्कोची बायको माशाचं सूप घेऊन आली. मी कोण बाई आहे, हेच मला कळेनासं झालं. रागाने बोलणं टाकलं होतं हे मला ठाऊक होतं. राग माणूस मारायला निघालाय, हे मात्र मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं.

दोन दिवस तो खोकत घरी होता. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. "मी मुद्दाम थांबले, एल्डन. दोन सापळे जाईपर्यंत."

"माहीत आहे," तो म्हणाला. "मी तुझ्याकडेच बघत होतो."

"मग गावभर माझं कौतुक का करत सुटलास?"

"ओढून तूच काढलंस ना." तो कपातली कॉफी ढवळत बसला. मग म्हणाला, "ते बोये. लक्षात नाही आलं म्हणालो होतो मी. आलं होतं. तिसरा खरवडताना फोन हातात घेतला होता. तू नाही म्हणशील म्हणून ठेवून दिला. सासऱ्याच्या बोटीवर सासऱ्याच्याच रंगात म्हातारा व्हायचं नव्हतं मला."

नऊ वर्षं मी याच वाक्यासाठी टपून बसले होते. ते आलं की याला उभा फाडायचा, असं ठरवलं होतं. आणि आलं तेव्हा मला भांडताच येईना. मी रडले, भडाभडा रडले, टेबलावर डोकं ठेवून. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, तो मी झटकला नाही.

"नीच माणूस आहेस तू," मी म्हटलं.

"आणि तू काय देवी लागून गेलीस?"

सोमवारी मी त्याला म्हणाले, "चाक तू धर, मी मागे राहते. माझ्या हाताचा मला भरवसा नाही."

"तुझ्या गुडघ्यांनी मागे काम करणार? गप चाक धर, कप्तानीणबाई." नवे बूट घालून तो मागे गेला, दोर पायाशी गोल मांडला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. पहिला सापळा काठावर ठेवला. "सांग, ढकलू का?"

"थांब," मी म्हटलं. इंजिन न्यूट्रलला घातलं. पुन्हा चालू गिअरमध्ये आणलं, पुन्हा न्यूट्रलला घातलं. तो वळला नाही. हात चालतोय हे मी चार वेळा पाहून घेतलं, आणि मगच म्हटलं, "ढकल."